सुभेदारांचा अंगठा

३ मार्च

आज जोतिबा सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या संचालक मंडळानं मला सायबर सुरक्षा अधिकारी नेमलं. पगार नाही, पण खुर्ची आहे आणि खुर्चीला हातही आहेत. चेअरमन लालासाहेब म्हणाले, "सुभेदार, फौजेत तुमी बिनतारीवर हुता. ह्ये बी सगळं बिनतारीच हाय की." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

फौजेतून आल्यापासून रोजनिशी सुटली होती, ती आजपासून परत धरतो. जबाबदारीच्या माणसाकडं नोंद असावी.

परिस्थिती अशी. पूर्वी आमच्या पाइपलाइनवर पाटकरी सायकलीवरून फिरायचा आणि लोखंडी चावीनं एकेक व्हॉल्व्ह उघडायचा. आता व्हॉल्व्हना मोटारी बसल्या, रानात ओल मोजणाऱ्या कांड्या रोवल्या, आणि कुणाला किती पाणी द्यायचं ते एआय ठरवतो. एआय फोनमधून बाईच्या आवाजात बोलतो, म्हणून गाव त्याला 'बाई' म्हणतं. "बाईनं आज आमाला दोन तास दिलं," असं लोक चहाच्या टपरीवर सांगतात. सरकारी योजनेचा पुढचा टप्पा मिळायचा असेल तर संस्थेला सायबर सुरक्षा धोरण पाहिजे आणि ते ४ मेच्या सभेत मंजूर व्हायला पाहिजे, असं वरून कळवलं आहे. धोरण लिहिणार मी.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "म्हंजे राखन करायची व्हय? कशाची?" मी म्हटलं, डेटाची. "त्यो कुटं बांदलाय?" म्हणाली आणि भाकरी उलटली. तिला हे विषय कळत नाहीत.

६ मार्च

ऑफिसची पाहणी केली. संगणकाचा पासवर्ड 'जोतिबा' आहे आणि तो भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. का, तर म्हणे वायरमन आला आणि ऑफिसात कुणी नसलं तर त्याची अडचण होऊ नये. मी स्वतः ओल्या फडक्यानं पुसला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी परत लिहिला, या वेळी खाली रेघ ओढून.

धोरणाचा कच्चा मसुदा झाला. कलम एक, बाईनं ठरवलेलं पाणी कुणीही बदलायचं नाही. कलम दोन, आणीबाणीत बदलायचंच झालं तर एकच माणूस बदलेल. कलम तीन, तो माणूस म्हणजे सुरक्षा अधिकारी. कलम चार, त्याच्या फोनला पासवर्ड नसून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा असेल, कारण पासवर्ड चोरता येतो, अंगठा चोरता येत नाही. फोनवरून व्हॉल्व्ह उघडायची ही सोय मी लगेच करूनही घेतली. कलम पाच, धोरण मोडणाऱ्याचं पाणी दोन पाळ्या बंद, मग तो कुणीही असो.

"कुनीबी?" लालासाहेबांनी विचारलं. "कुणीही," मी म्हटलं. ते म्हणाले, लय कडक हाय. मला बरं वाटलं.

१० मार्च

सकाळी धोंडुबाई ऑफिसात आली होती. आमच्या पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला सगळे टेल म्हणतात, तिथं चौदा नंबरच्या व्हॉल्व्हवर तिचं एकरभर रान आहे. मूळची जतकडची, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरातली. इथं जमीन घेऊन राहिल्याला बरीच वर्षं झाली. मेंढरं अजून आहेत, त्यांच्यासाठी मका करते. म्हणाली, बाई टेलला थेंबभर पाणी देत नाही. मी नीट समजावलं की बाई भेदभाव करत नाही, ती यंत्र आहे. तरी तक्रार असेल तर लेखी अर्ज आणा. ती तिसऱ्यांदा आली होती असं आता लिहिताना आठवतं आहे.

दुपारी जेवताना सौ.नं तोच विषय काढला. "आवं, धोंडूचा मका करपाय लागलाय. मेंढरास्नी काय घालायचं तिनं?"

मी म्हटलं, अर्ज द्यायला सांग.

"तितं लिवाय येतंय कुनाला?"

"मग अंगठा चालेल," मी म्हटलं.

त्यावर ती माझ्या अंगठ्याकडं बघत राहिली. आमटी चांगली झाली होती. जेवून झोपलो.

१२ मार्च

गंभीर घटना. काल दुपारी चौदा नंबरचा व्हॉल्व्ह बाईच्या हुकमाशिवाय उघडला आणि तासाभरानं बंद झाला. घुसखोरी! मसुद्याची शाई वाळायच्या आत!

लालासाहेबांना म्हटलं, हे परदेशातून झालं असण्याची शक्यता आहे. ते म्हणाले, "परदेशातल्यानं येऊन टेललाच पानी का सोडलं म्हनायचं?" मी म्हटलं, मोठ्या हल्ल्याआधी शत्रू निर्जन ठिकाणी चाचणी करतो. हे त्यांना पटलं असावं, कारण ते लगेच दुसऱ्या कामाला गेले.

१५ मार्च

ज्या कंपनीनं बाई बसवली तिचं ऑफिस माधवनगरला आहे. तिथून पल्लवी नावाची इंजिनिअर मुलगी आली. हुशार आहे, मला काका म्हणते. तिनं संगणक बघून सांगितलं, "काका, व्हॉल्व्ह तुमच्याच फोनवरून उघडलाय. अंगठाही तुमचाच लागलाय."

अशक्य. त्या वेळी मी घरी झोपलेलो होतो, फोन छातीवर होता.

"घरात कोण असतं दुपारी?"

"कुणी नसतं," मी म्हटलं. "सौ. असते."

पल्लवीनं वर बघितलं, मग परत संगणकात बघितलं आणि खोकली. तिला मी गरम पाणी प्यायला सांगितलं.

निष्कर्ष असा की माझ्या अंगठ्याची नक्कल झालेली आहे. हल्ली आवाजाची नक्कल होते, चेहऱ्याची होते, मग अंगठ्यानं काय घोडं मारलंय? मी रोज टपरीवर काचेच्या ग्लासातून चहा घेतो. ग्लासावर ठसे राहतात. तिथूनच कुणीतरी उचलला.

१७ मार्च

आजपासून उजव्या अंगठ्याला पट्टी बांधून हिंडतो आहे. चहा डाव्या हातानं. हस्तांदोलन बंद, लांबून नमस्कार. टपरीवर सगळे विचारत होते, सुभेदार, काय लागलं? गुप्तता म्हणून सांगितलं नाही, तर तासाभरात गावभर झालं की सौ.नं लाटणं मारलं. सौ.च्या कानावर गेलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून आत गेली. अपमान वाटला असणार बिचारीला.

घरी जेवणाच्या वेळी पट्टी काढावीच लागते. घर सुरक्षित असल्यामुळं प्रश्न नाही.

२१ मार्च

पुन्हा घुसखोरी. तोच व्हॉल्व्ह, तीच दुपारची वेळ. बाईनं आता फोनवर मला कळवायची सोय आहे, पण मी उठलो तेव्हा सूचना आधीच कुणीतरी बघितल्यासारखी दिसत होती. फोनची चूक असेल.

आणखी एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो. झोपेतून उठलो तेव्हा अंगठ्याला हळद लागली होती. मागच्या खेपेला बेसन होतं. मी जेवून हात स्वच्छ धुतो. वय झालं की माणसाला हात धुतल्याचंही भान राहत नाही की काय, या विचारानं जरा उदास झालो.

२५ मार्च

स्वतः टेलची पाहणी केली. टेलचं बाकी रान भुरं पडलं आहे, धोंडुबाईचा मका मात्र हिरवागार, कमरेएवढा. शेजारच्या तुकड्यांतही ओल दिसली. मी कडक आवाजात विचारलं, पाणी कुठून येतं?

"देव देतोय, सुभेदार," ती म्हणाली. "दुपारचा देतोय. तुमच्या झोपेच्या टायमाला."

माझ्या झोपेची वेळ तिला कशी ठाऊक असं विचारलं, तर म्हणाली, "अक्का सांगत असती." अक्का म्हणजे सौ. दोघींचं चांगलं आहे. धोंडुबाईनं मेंढीच्या दुधाचा चहा दिला आणि मी पीत असताना तोंड फिरवून हसत होती. साधी बाई आहे, तिला शत्रूचे डाव काय कळणार.

घरी येऊन सौ.ला बजावलं की आपली झोपेची वेळ ही संवेदनशील माहिती आहे, बाहेर सांगायची नाही. "न्हाई सांगत," म्हणाली.

२ एप्रिल

दुसरं कुलूप बसवलं. पल्लवी खास त्यासाठी आली होती. आता अंगठा लावला की बाई म्हणणार, "अधिकाऱ्याचं पूर्ण नाव स्पष्ट बोला." नाव बरोबर असलं तरच व्हॉल्व्ह उघडणार आणि बोललेलं सगळं जपून ठेवलं जाणार. मी शब्द निवडले ते असे: नानासो आकाराम शिरतोडे.

पल्लवी म्हणाली, "काका, तुमचं नाव तर सगळ्या गावाला माहीत आहे."

मी म्हटलं, गावाकडं माझा फोन नाही. फोन घरात असतो. आणि घरात ते नाव उच्चारणारं कुणी नाही. लग्न झाल्यापासून सौ.नं माझं नाव घेतलेलं नाही. रेशन दुकानात विचारलं तरी शेजारणीला पुढं करते. आणि आकाराम हे तर माझ्या वडिलांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं नाव. ते घेण्यापेक्षा ती जीभ चावेल. म्हणजे घराच्या बाजूनं बंदोबस्त पूर्ण. पल्लवीनं कपाळाला हात लावला. माझी योजना ऐकून लोकांचं असं होतं.

जाताना तिनं एक कलम घालायला लावलं. ज्याचा आवाज त्याची मालकी. सभा झाली की पंधरवड्यात त्या माणसाला विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर नोंद पुसायची. मी म्हटलं, घुसखोराला कसली मालकी? ती म्हणाली, असू द्या काका. घातलं. त्याच्या आधी माझं एक कलम सहा घातलं, की घुसखोराचा आवाज भर सभेत वाजवून दाखवायचा. टपरीवर सगळ्यांना सांगून आलो. लोकांना फार आवडलं.

९ एप्रिल

व्हॉल्व्ह काल परत उघडला.

पल्लवीचा फोन आला. म्हणाली, "काका, आवाज पाठवलाय. पण एकट्यानंच ऐका."

मी फोन घेऊन पंपहाऊसच्या मागं लिंबाखाली गेलो. शत्रूचा आवाज पहिल्यांदाच ऐकणार म्हणून ताठ बसलो.

आधी नुसता पंखा आणि एक घरघर. मोटार बिघडल्यासारखी घरघर. थोड्या वेळानं ओळखलं, ते माझं घोरणं होतं. मी घोरतो हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मग बांगड्या वाजल्या. मग बाई म्हणाली, अधिकाऱ्याचं पूर्ण नाव स्पष्ट बोला.

मग हळूच:

"टेलच्या मक्याला पानी सोडते वाकून, नानासायबांचं नाव घेते मामंजींचा मान राखून."

बाई म्हणाली, "नाव जुळत नाही. पुन्हा बोला."

"आगं बये, घेतलं की! आता आनी कसं घेऊ?" बांगड्या परत वाजल्या. मग अगदी दबक्या आवाजात, "मामंजी, माफ करा हं," आणि मग, "नानासो आकाराम शिरतोडे."

"स्पष्ट ऐकू आलं नाही. पुन्हा बोला."

"नानासो आकाराम शिरतोडे! ऐकलंस का आता, भवाने?"

"धन्यवाद," बाई म्हणाली. माझं घोरणं चालूच होतं.

मी ते तिथं बसून परत ऐकलं. मग परत ऐकलं. राग यायला पाहिजे होता. पोस्टिंगवर असताना मी हजार आवाज ऐकले असतील, पण माझं नाव असं कुणी घेतलेलं ऐकलं नव्हतं. फोन खिशात घातला आणि घरी गेलो. सौ.नं विचारलं, "सापडला का चोर?" मी म्हटलं, तपास चालू आहे.

१० एप्रिल

पल्लवीला फोन करून विचारलं, बाई टेलला पाणी का देत नाही. तिनं सांगितलं. बाईला गेल्या दहा वर्षांच्या जुन्या नोंदींवर शिकवलं आहे. त्या दहा वर्षांत टेलपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं, वरचेच उपसून घेत होते. नोंदीत शून्य, म्हणून बाईनं मानलं की यांना पाणी लागतच नाही.

"आणि रानातली कांडी? ती कोरडं आहे म्हणून सांगत नाही का?"

"सांगते काका. पण बाई जुन्या नोंदींवर जास्त विश्वास ठेवते. कुणी माणसानं कळवलं असतं तर आम्ही बदललं असतं. संस्थेकडून काहीच तक्रार आली नाही."

धोंडुबाई तीन वेळा आली होती. तिला अर्ज आणायला सांगणारा मी. दिवसभर मन लागलं नाही. मी एवढी कुलपं घातली आणि ती सगळी एका बाईच्या मक्याला घातली, असं वाटून लाज वाटली.

कंपनीला लेखी कळवलं. दुरुस्तीला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. तेवढ्यात मका जाईल.

१५ एप्रिल

हे लिहू की नको, ठरत नव्हतं. नियम असा आहे की अधिकाऱ्यानं खरं लिहावं.

आज जेवून आडवा झालो, फोन छातीवर ठेवला, उजवा हात खाटेबाहेर सोडला आणि डोळे मिटले. झोपलो नाही.

पावलं आली आणि थांबली. "आज घोरत न्हाईत त्ये," सौ. स्वतःशीच म्हणाली. मला घोरता येतं हे आताच कळलेलं, तरी जमेल तसं घोरलो. तिनं जरा वेळ ऐकलं. मग ओल्या फडक्यानं माझा अंगठा पुसला, पदरानं कोरडा केला आणि अगदी हलक्या हातानं फोनवर टेकवला. इतक्या हलक्या हातानं तिनं मला कधी हात लावल्याचं आठवत नाही. किंवा तेव्हाही मी झोपलेलो असेन.

बाईनं नाव विचारलं. सौ.नं घेतलं. बाई म्हणाली, स्पष्ट ऐकू आलं नाही. तिनं परत घेतलं. तरी बाईला ऐकू येईना. तिसऱ्या खेपेला सौ. खाटेच्या काठावर बसली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. मी घोरत राहिलो.

कलम एकचा भंग माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांदेखत झाला आणि मी तो होऊ दिला. पुढच्या खेपेलाही होऊ देणार आहे.

४ मे

सभा झाली. मारुतीच्या देवळापुढं मांडव, पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं. पल्लवीही आली होती. धोरण वाचून झालं तसं लालासाहेब म्हणाले, "आता सांगा सुभेदार, घुसखोर घावला का?"

"घावला," मी म्हटलं. "अंगठा माझाच आहे. पहिल्या खेपांना मला माहीत नव्हतं. नंतर माहीत होतं. कलम पाचप्रमाणं माझं पाणी बंद करा."

लोकांना आधी चेष्टा वाटली. मग कुणीतरी मागून ओरडलं, "आवाज वाजवा! सुभेदार, तुमीच म्हनला हुता!" मग सगळेच ओरडायला लागले. मी म्हटलं, वाजवणार नाही.

लालासाहेबांनी मसुद्याची पानं उलटली. "कलम सहा. तुमीच लिवलंय. भर सभेत वाजवायचा."

फोन खिशात होता. एवढ्या माणसांत तिचा तो आवाज, ती मामंजींची माफी, लोक हसणार, पुढं वर्षभर टपरीवर नक्कल होणार. आणि नाही वाजवला तर ज्यानं धोरण लिहिलं त्यानंच ते सभेत मोडलं, धोरण पडलं, योजनेचा पुढचा टप्पाही पडला. मी आयुष्यात हुकूम मोडलेला नाही. उभा राहिलो नुसता. हात खिशात गेला होता हे खरं आहे.

तेवढ्यात डावीकडून सौ. उठली.

"वाजवाय कशाला पायजे? मी हाय की हितं. आवाज माजा हाय. अंगठा ह्यांचा, झोप ह्यांची, बाकी सगळं म्या केलंय."

मांडवातल्या सगळ्या माना डावीकडं वळल्या. मग बायकांतून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे शालूवैनी, नाव घेतलंस व्हय?"

"घेतलं. मामंजींचंबी घेतलं. आदी उकान्यात घेऊन बगितलं, बाईला चालंना."

हसू फुटलं ते लवकर थांबेना. लालासाहेब डोळे पुसत होते. पण हसण्यात धोंडुबाई उभी राहिली आणि ती हसत नव्हती. "अक्काला दोस देऊ नगा. मी तीन डाव हापिसात आले हुते. अर्ज आन म्हनले."

"कोन म्हनलं?" लालासाहेबांनी विचारलं.

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, बरोबर आहे.

मग पल्लवीनं जुन्या नोंदींचा घोळ सगळ्यांना सांगितला. दुरुस्ती झाली आहे, उद्यापासून टेलला पाळी मिळेल. तिनंच धोरणात तीन बदल सुचवले, ते मंजूर झाले. तक्रार तोंडी चालेल आणि ऐकणाऱ्यानं ती लिहून घ्यायची. बाईला काय शिकवलं आहे ते दरवर्षी सभेपुढं सांगायचं. आणि व्हॉल्व्ह उघडायला एक अंगठा पुरणार नाही, दोन लागतील, त्यातला एक टेलच्या सभासदाचा. दुसरा अंगठा धोंडुबाईचा ठरला. "पर मी दुपारची झोपत न्हाई," ती म्हणाली.

लालासाहेब म्हणाले, कलम पाच या वेळी राहू द्या. मी म्हटलं, कुणीही म्हणजे कुणीही. सौ.कडं बघितलं. तिनं मान हलवली. आमच्या दोन पाळ्या बंद.

घरी येताना ती चार पावलं पुढं चालत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण हाक कशी मारावी कळेना.

१८ मे

आमची दुसरी पाळीही गेली. बांधाकडचा ऊस पिवळा पडला आहे, पिवळेपणा पोग्याला, म्हणजे मधल्या कोंबाला, पोचला नाही तर वाचेल. सौ. सकाळी बघून आली आणि म्हणाली, "जगतोय." धोंडुबाईनं काल मेंढीचं दूध पाठवलं.

आवाजाची नोंद ठेवायची की पुसायची, याचा आज शेवटचा दिवस. दुपारी जेवण झाल्यावर सौ. शेंगा फोडत बसली होती. समोर बसून कलमाप्रमाणं रीतसर विचारलं.

"पुसा," म्हणाली.

मी म्हटलं, राहू दे की. संस्थेच्या कामाला येईल.

"कसल्या कामाला?"

खरं तेच सांगितलं. लिंबाखाली बसून मी ती ऐकतो. जवळजवळ रोज.

ती शेंगा फोडायची थांबली. "मशीनमदली कशाला पायजे? त्या दुपारी तुमी जागं हुता. घोरताना तुमचं तोंड उगडं असतंय. त्या दिवशी गप मिटलेलं हुतं. तरीबी घेतलं न्हवं म्या? तीनदा?"

मी फोन काढला आणि नोंद पुसली. बाईनं विचारलं, नक्की पुसायची का, तर हो म्हटलं. मग म्हटलं, आता परत घे.

"आदी तुमी माजं घ्या. लगीन झाल्यापासनं 'ऐकलं का, ऐकलं का' चाललंय. मी काय रेडिओ हाय?"

दारात कुणी नाही ना बघून घेतलं. घसा साफ केला. बिनतारीवर मी वादळातसुद्धा बोललो आहे.

"शालू," म्हटलं.

शालूनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि वर न बघता म्हणाली, "स्पष्ट ऐकू आलं न्हाई. परत बोला."